गार्गीचा डावा खुबा

उजवा गुडघा टेबलाला टेकला. डावा टेकला नाही.

मी त्या वेळी सुईकडे बघत होतो. अडीच महिन्यांच्या डोससाठी आम्ही गार्गीला थेरगावातल्या आमच्या नेहमीच्या दवाखान्यात नेलं होतं आणि मला एकच धास्ती, की इंजेक्शन टोचल्यावर पोर किती रडेल. बालरोगतज्ज्ञ मॅडम बोलता बोलता तिचे पाय गुडघ्यात दुमडून बाहेरच्या बाजूला उघडत होत्या. उजवा पाय सहज खाली गेला. डावा अर्ध्यावर अडला. मॅडमचं बोलणं थांबलं. त्यांनी पुन्हा एकदा तसंच केलं, मग तिला पालथं घालून मांडीवरच्या वळ्या बघितल्या. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला तीन.

"जन्माच्या वेळी पायाळू होती ना ही?"

"हो, म्हणून तर सिझर झालं," अर्चना म्हणाली. अर्चना म्हणजे माझी बायको.

"घरी दुपट्यात बांधता का? पाय सरळ करून?"

"हो. सासूबाई बांधतात."

मी तिथंच उभा होतो. 

मॅडमनी कागदावर लिहिलं: डीडीएच, डावी बाजू. डेव्हलपमेंटल डिस्प्लेझिया ऑफ द हिप. नाव अवघड, पण गोष्ट समजायला सोपी आहे. खुब्याचा सांधा म्हणजे एक वाटी आणि एक गोळा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत नीट बसायला हवा. गार्गीचा डावा गोळा वाटीच्या काठावर होता. यात बाळाला दुखत नाही, ताप नाही, काही नाही. ते आपलं मजेत हसत असतं. कळलं नाही तर पोर चालायला लागते तेव्हा लंगडते, आणि तोवर इलाज अवघड झालेला असतो.

आता जरा आमच्या घराबद्दल सांगतो. मी चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर आहे. अर्चना तळवड्याला आयटीत, तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण माझ्या आईनं केलं. त्यासाठी ती परभणीकडच्या आमच्या गावाहून येऊन राहिली होती. तेल लावणं, आंघोळ, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं तिच्याकडं. पायाळू लेकराचा पाय लागला की पाठीची उसण जाते, असं आमच्याकडं मानतात. त्यामुळं सोसायटीतल्या तीन बायका आणि आमच्या कंपनी बसचा ड्रायव्हर गार्गीसमोर पाठ करून बसून गेले होते. ड्रायव्हरची उसण खरंच गेली म्हणे. पोरीच्या स्वतःच्या पायात काय आहे, ते कुणालाच माहीत नव्हतं.

आणि बांधणं? बांधायचो मी.

आई सकाळी आंघोळीनंतर गुंडाळायची, ते मऊ आणि सैल. तासाभरात गार्गी एक हात बाहेर काढायची. मी पहिली पाळी करून चारला घरी आलो की ते सोडून परत बांधायचो. आमच्या कामात एकच नियम, खोक्यात माल हलला की गेला. मी लेकीचे पाय सरळ जुळवायचो, कमरेपासून घोट्यापर्यंत कापड ओढून घ्यायचो आणि मागं गाठ मारायचो. पोर शांत झोपायची, सकाळपर्यंत तशीच; चारला अर्चना डुलकी घेत असायची आणि रात्री पाजताना तिला ते आईनंच बांधलेलं वाटायचं. मी त्याचा व्हिडिओ काढून शिफ्टच्या ग्रुपवर टाकला होता. 'बघा राव, याला म्हणतात पॅकिंग.' लोकांनी अंगठे पाठवले. काय ती माझी फुशारकी!

दुसऱ्या दिवशी हिप सोनोग्राफी झाली. लहान बाळाची हाडं अजून मऊ असतात, एक्स-रेत धड दिसत नाहीत, म्हणून सोनोग्राफी. लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांनी पडद्यावर गोळा दाखवला. मला ते ढगासारखं काहीतरी दिसलं, पण मान हलवली.

"लवकर सापडलं, हे चांगलं झालं," ते म्हणाले. "पावलिक हार्नेस लावू."

हे म्हणजे मऊ पट्ट्यांचं जाकीट. खांद्यावरून दोन पट्टे खाली येतात आणि पाय बेडकासारखे दुमडून, फाकवून धरतात. त्यानं गोळा वाटीकडं तोंड करून राहतो आणि हळूहळू आत बसतो. दिवसरात्र घालायचं. काढायचं नाही. आंघोळ बंद, फक्त ओल्या फडक्यानं पुसणं. दर आठवड्याला पट्टे तपासून घ्यायचे.

घरी आल्यावर अर्चनानं आईला सगळं सांगितलं, अगदी सांभाळून, "आता पाय सरळ करून बांधायचं नाही म्हणाले" एवढंच.  आईनं दोरीवरची सगळी बाळंती आणि दुपटी काढली, घड्या घातल्या आणि कपाटात वरच्या कप्प्यात ठेवून दिली. त्या दिवसापासून तिनं गार्गीला हात लावणं सोडलं. पोर रडली की "अर्चना, बघ गं," म्हणायची आणि भाकरी थापायला बसायची. अडीच महिने जिच्या मांडीवरून पोर उतरली नव्हती, ती बाई आता पाळण्याजवळून जाताना पदर सावरून जायची.

मी हे रोज बघत होतो. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत तीन आठवडे काढले. मला लाज वाटत होती, एवढंच खरं कारण आहे. दुसरं कुठलं शोधूनही सापडत नाही.

ज्यांच्या बाळाला हार्नेस लागलाय त्यांच्यासाठी आमचा थोडा अनुभव. पँट चढत नाही, सैल फ्रॉक घ्या. डायपर पट्ट्यांच्या आतून लावा, बाहेरून लावलात तर पट्टे खराब होतात. गुडघ्यामागं आणि मानेखाली घाम साचतो, तिथं रोज बघा. पहिले तीन दिवस बाळ किरकिर करतं, चौथ्या दिवशी विसरून जातं. तुम्हीच विसरत नाही. लिफ्टमध्ये लोक "अरे देवा, काय झालं हो?" विचारणार. आम्ही पहिल्यांदा सगळं समजावून सांगायचो. नंतर अर्चना म्हणायची, "पॅराशूट आहे." लोक हसायचे आणि तेवढ्यात आमचा मजला यायचा.

तीन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.

"थोडा आत आलाय. पण बसलेला नाही. अजून तीन आठवडे ठेवू. तोवर बसला नाही तर भूल देऊन बसवावा लागेल, आणि मग छातीपासून पायांपर्यंत प्लास्टर. साधारण तीन महिने."

एवढ्याशा जिवाला भूल!  घरी आईला सांगितलं. ती आत गेली आणि तिची पिशवी भरायला लागली.

"मी गावाकडं जाते बाबा. माझ्या हाताला यश न्हाई. माझ्यापायी लेकराच्या अंगावर सुरी-कात्री यायची वेळ आली."

"आई, थांब. तुझ्यामुळं नाही. मी बांधायचो तिला. तू बांधलेलं सोडून मी घट्ट बांधायचो."

तिनं लुगड्याची घडी पिशवीत ठेवली, नीट दाबली आणि म्हणाली, "ठाऊक हाय मला."

मी पिशवी माझ्याकडं ओढली.

"मी टोक खोचत असते, गाठ मारत नसते. सकाळी सोडायला बसलं की तुझी गाठ. नखं तुटायची माझी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? लेकराचं हे असं, अन् त्यात तुमी दोघं भांडत बसले असते. माझ्यावर आलं तर आलं." मग म्हणाली, "अन् मी तरी कुठं तुला अडवलं? मला कौतुकच वाटायचं, बाप्या माणूस लेकराला बांधायलाय म्हणून. अडवायला पायजे होतं. त्याचंच भ्या बसलं मनात, हात लावायचंच धाडस होईना."

मी तिथंच पलंगावर बसून रडलो. लग्नाच्या चार वर्षांत अर्चनानं मला रडताना पाहिलं नव्हतं. ती दारात उभी होती, कडेवर पट्ट्यातली गार्गी. तिनं सगळं ऐकलं होतं. आईसमोर ती मला 'अहो' म्हणते. त्या दिवशी म्हणाली नाही.

"अमोल, बांधण्याचं राहू दे. ते अजाणता झालं. पण तीन आठवडे आईंनी पोरीला हात लावला नाही आणि तू बघत बसलास? मीही त्यांनाच धरून बसले होते मनात. माझं तोंड तरी उघडू द्यायचंस ना त्यांची माफी मागायला."

ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. डबा वेळेवर मिळायचा, पण बस सुटल्यावरचा "निघालास का?" हा फोन बंद. आईला मात्र तिनं जाऊ दिलं नाही. पिशवी स्वतः रिकामी केली आणि लुगडी आपल्या कपाटात ठेवली. सासवा-सुनांच्या इतक्या गोष्टी ऐकतो आपण, ही पण एक ऐकून ठेवा.

पुढच्या तपासणीला आईला सोबत नेलं. फाइलवर 'आजी पाय सरळ बांधते' असं लिहिलेलं होतं. मी डॉक्टरांना म्हणालो, "सर, ते खोडा. आजी नाही, बाप."

डॉक्टरांनी पेन काढून खोडलं. मग म्हणाले, "एक लक्षात ठेवा. मुलगी, पहिलं बाळ आणि पायाळू, ही तिन्ही कारणं तुमच्या दुपट्याच्या आधीपासून हजर होती. बांधण्यानं भर पडली असेल. किती, ते मला सांगता येणार नाही. तुम्हीही हिशेब करत बसू नका." आणि आईकडं वळून विचारलं, "आजी, बाळाला कडेवर घेता की नाही?"

"आधी घ्यायची."

"मग आताही घ्या. मानेला हात द्या आणि पाय फाकवून कडेवर घ्या. याच्यासाठी त्याहून चांगलं काही नाही. आपल्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही."

आईनं तिथंच, पट्ट्यांसकट, गार्गीला कडेवर घेतलं. घरी येईपर्यंत खाली ठेवलं नाही. मी घेऊ का विचारलं तर म्हणाली, "तू राहू दे."

सहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला आम्ही चौघंही गेलो. डॉक्टरांनी या वेळी फार वेळ लावला नाही.

"बसला."

मी तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा ते न चिडता म्हणाले, बसला. वाटी खोल व्हावी म्हणून आणखी सहा आठवडे पट्टे राहिले, पण त्या सहा आठवड्यांचं काही वाटलं नाही. आमच्या घरात परत आरडाओरडा आणि हसणं सुरू झालं. अर्चना बोलायला लागली, मुख्यतः माझी टर उडवायला. माझा तो व्हिडिओ मी ग्रुपवरून काढला आणि त्याच्या जागी सगळं खरं लिहिलं: पाय सरळ करून बांधू नका, बाळाला पाय दुमडून मोकळे ठेवू द्या, आणि पायाळू बाळ असेल तर खुब्याची तपासणी मागून घ्या. दोघांनी रातपाळीहून फोन केले. एकाचं बाळ एकवीस दिवसांचं होतं. तो म्हणाला, "भावा, आमच्याकडं पण असंच बांधत्यात." आता बांधत नाहीत.

बारा आठवडे झाले. शेवटच्या एक्स-रेत दोन्ही गोळे दोन्ही वाट्यांत होते. चालायला लागेपर्यंत अधूनमधून दाखवायला जायचंय, ते जाऊ. पहिल्या मॅडमकडं आम्ही पेढे घेऊन गेलो. त्या दिवशी इंजेक्शन टोचून त्यांनी आम्हाला पाठवून दिलं असतं तरी आम्हाला काही कळलं नसतं. त्यांचे ते दोन हात एक मिनिट जास्त थांबले, म्हणून माझी पोर धड आहे. हे ऋण मला आयुष्यभर पुरेल. आधी मला वाटायचं, बाळाला सांभाळणं म्हणजे त्याला हलू न देणं. आता हातात बाळ आलं की मी आधी त्याचं अंग मोकळं करतो, माझं असो की दुसऱ्याचं.

पट्टे सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं बाथरूममध्ये पाट मांडला. पाय लांब करून बसली आणि गार्गीला पायांवर पालथं घातलं. तीन महिन्यांनी पहिली आंघोळ. मी युनिफॉर्म घालून बससाठी निघालो होतो.

"अमोल, इकडं ये. पाणी घाल."

मी तांब्या घेतला आणि तसाच थांबलो. हात पुढं होईना.

"घाल की. भ्यायला काय झालं? लेक तुझीच हाय."

मी डाव्या मांडीवर हळूच पाणी सोडलं. गार्गी एकदम खिदळली आणि पाय झाडायला लागली. माझा युनिफॉर्म छातीपर्यंत भिजला. मी तसाच वाकून बघत होतो, कुठला पाय जास्त उडतोय. कळेना. दोन्ही सारखेच उडत होते.