पायरीवरची मिश्री
परवा शेजारी कुणीतरी तव्यावर तंबाखूची मिश्री भाजली, त्या वासानं मला ठसका लागला आणि पिंपरी पेंढारच्या आमच्या घराची पायरी आठवली. वाटणी झाल्यापासून वडील आणि चुलते बोलत नव्हते, पण आई आणि चुलती रोज सकाळी दोन्ही दारांमधल्या त्या पायरीवर बसून एकाच डबीतली मिश्री दाताला लावायच्या आणि तेवढ्या वेळात दोन्ही घरांचं सगळं बोलून घ्यायच्या. मी तेव्हा नारायणगावला कॉलेजात होतो, घराला चांगल्या सवयी लावायच्या असं मनात घेतलं होतं. एका संध्याकाळी ती डबी उकिरड्यावर फेकली आणि आईच्या हातात ब्रश दिला. सकाळी चुलती नेहमीसारखी येऊन बसली. ‘‘डबी कुठंय गं?’’ ‘‘पोरानं टाकली. लई वाईट असती म्हणं,’’ आई दारातूनच म्हणाली. चुलती ‘‘बरं केलं’’ म्हणत उठली. त्या दिवसापासून आई मोरीत एकटीच दात घासायची; त्या पायरीवर दोघी पुन्हा बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. मिश्री सोडवली याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण दुसऱ्या सकाळी त्याच पायरीवर दोन कप चहा नेऊन ठेवायला मला कोण अडवत होतं?