पहिलं आमंत्रण

माझी सासू माघी गोड बोलायला शिकलीच नाही. सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर तिने भांडण काढलं नाही असं एक घर नसेल. मी बारावी होऊन या घरात आले, तर पहिल्याच दिवशी म्हणाली, "शिकलीस ते बरं. आथा भाकर थापायला शीक." आमचं अजूनही पटत नाही. पण पराग आला त्या दिवशी मी पूर्ण तिच्या बाजूने होते.

पराग म्हणजे इथल्या जुन्या गुरुजींचा मुलगा. गुरुजी बदली होऊन आले ते आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत बरीच वर्षं राहिले. माघी तेव्हा नवी नवरी. परागला तिनेच खेळवलं. पुढे तो कॅनडाला गेला, म्हातारपणी गुरुजींनाही घेऊन गेला, आणि गुरुजी तिकडेच वारले. आता बायको आणि मुलगी प्रांजल यांना आपलं लहानपणचं घर दाखवायला तो आला होता. जव्हारचा राजवाडा झाला, जुनं देऊळ झालं, मग आमचा नंबर.

नेमकी माझ्या दिराची, दिपेशची, हळद त्याच संध्याकाळी. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. परागने मोबाइल धरून चुलीसकट सगळ्याचं शूटिंग केलं आणि म्हणाला, "पत्रे कशाला टाकलेत? कौलं किती छान होती!"

"गळत होती," माघी म्हणाली. "तू नव्हतास भिजायला."

मग ते तिघं जुने दगड बघायला पाड्याबाहेर गेले. तिथे आंब्याखाली आमचे चिरे आहेत. माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड तिथे बसवतात. घरात लग्न निघालं की पहिलं आमंत्रण चिऱ्याला. भगत त्याला शेंदूर लावतो, तेव्हा कुठे नवरदेवाला हळद लागते. माझे सासरे पोश्या अलीकडेच गेले. त्यांना सकाळीच आमंत्रण दिलं होतं.

मी पाहुण्यांना जेवायला बोलवायला गेले, तर पराग त्याच चिऱ्यावर पाणी ओतत होता आणि प्रांजल ब्रशने शेंदूर घासून काढत होती.

"बघ, चंद्र-सूर्य कोरलेत! हजार वर्षांचा असेल," तो तिला सांगत होता.

मी किंचाळलेच. माघी धावत आली. चिरा धुऊन उघडाबोडका झाला होता.

"तो माझा नवरा हाय," ती म्हणाली.

परागचा चेहरा पडला. "सॉरी, माघीताई. चुकलं माझं. पण शेंदूर पुन्हा लावता येईल ना?"

"भगतानंच लावायचा असतो. तो खोडाळ्याला दुसऱ्या लग्नाला गेला. तुझी गाडी हाय, घेऊन ये त्याला. बापाला आवतण नाय तर पोराला हळद लागायची नाय."

परागने घड्याळ पाहिलं. "आज नाशिकची लेणी बघायचीत, ताई. उद्या परतीचं विमान आहे." मग बायकोकडे वळून हळू आवाजात, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणाला, "एका दगडासाठी सगळा दिवस जाईल."

माझं डोकं सणकलं. माघी मात्र चिऱ्यांच्या रांगेकडे वळली. रांगेच्या टोकाला एक छोटा चिरा होता. तिने तो दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटला, छातीशी धरून गाडीपर्यंत नेला. पराग तोवर आत जाऊन बसला होता. तिने तो मातीसकट त्याच्या मांडीवर ठेवला.

"हा तुझा बापूस. ते तिकडं वारल्याचं कळलं तेव्हा पोश्यानं बसवला. म्हणाला, गुरुजी आपल्या घरचं माणूस, त्यांना जागा पायजे. घेऊन जा."

पराग पांढराफटक पडला. "ताई, नको. इथेच राहू दे त्यांना."

"उशीर होतोय तुला," म्हणून तिने दार लावलं.

गाडी वळली तरी तो दगड धरून तसाच बसलेला दिसत होता. मला त्याची दया आली नाही. गुरुजींची आली.

त्या संध्याकाळी हळद लागली नाही. पाहुणे ताटकळले, नवरीकडचे कुजबुजले. दुसऱ्या दिवशी दिपेश कुणाचीतरी मोटारसायकल मागून भगताला घेऊन आला. भगताने पोश्याला नव्याने शेंदूर लावला. मग रांगेच्या टोकाचा खड्डा त्याला दिसला.

"गुरुजी कुठं गेलं?" त्याने विचारलं.

माघीने पदर तोंडाला लावला. "त्यांना त्यांचा पोर घेऊन गेला," ती म्हणाली.