कुणाची भांडी कुणाच्या घरी

मुग्धाचा फोन आला तेव्हा सकाळचे आठ वाजायचे होते. “मावशी, आई गेली गं,” एवढंच म्हणाली. शैला रात्री झोपली ती सकाळी उठलीच नव्हती. मी गॅस बंद केला, दूध झाकलं आणि चपला घालून निघाले. मुलुंड पूर्वेला आमच्या दोघींच्या इमारतींमध्ये चालत सात मिनिटांचं अंतर आहे. गेले चार महिने मी ते चालले नव्हते. शैला परब, आमच्या भागातल्या भांड्यांच्या दुकानाची मालकीण, माझी तीस वर्षांची मैत्रीण, आणि चार महिने मी तिच्याशी बोलत नव्हते. जिना चढताना मला रडू येत नव्हतं, नुसता थकवा आला होता. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबले आणि मनात आलं, आता तर हिच्याशी भांडण मिटवायचीही सोय राहिली नाही...

आमची ओळख दुकानातच झाली. मी शाळेत चित्रकला शिकवायचे आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटायला स्टीलच्या वाट्या घ्यायला गेले होते. वाट्यांवर नाव घालून हवं होतं. शैला गल्ल्यामागे बसून ते टर्रर्र आवाज करणारं यंत्र पेनासारखं धरून नाव कोरत होती. अक्षर भयंकर. मी शिक्षिकेच्या सुरात म्हटलं, “अहो, जरा सरळ काढा ना.” तिने यंत्र माझ्यापुढे सरकवलं. “घ्या, तुम्हीच काढा.” मी काढायला गेले आणि दोन वाट्यांची पार वाट लावली. ती इतकी हसली की तिचा नवरा विलास आतून बघायला आला. त्या दोन वाट्या तिने फुकट दिल्या आणि महिन्याभरात आम्ही एकमेकींना अगं-तुगं करू लागलो. दीडेक वर्षाने मुग्धा झाली तेव्हा मी अळिवाची खीर घेऊन गेले होते, माझ्या आईच्या पातेल्यातून. झाकणाचं, जाड बुडाचं, काठावर ‘सौ. इंदू’ असं आईचं नाव घातलेलं. आई तेव्हा नुकतीच गेली होती आणि तिचं म्हणून तेवढंच एक भांडं मी माहेराहून आणलं होतं. ते काही परत आलं नाही. मी दोनदा विचारलं. “सापडत नाही गं, बघते हां,” असं दोन्ही वेळा ती म्हणाली. पुढे मी विचारायचं सोडलं.

विलास गेला त्यानंतर दुकान तिच्यावर आलं, आणि तेही नेमकं अशा दिवसांत, जेव्हा लोक कुकरसुद्धा फोनवरून मागवायला लागले होते. दुपारी जावं तर ती एकटीच टोप पुसत बसलेली असायची. पुसलेलेच पुन्हा पुसायची. एकदा मी गेले तर म्हणाली, “सुनंदा, काल मी माझ्या स्वयंपाकघरातली भांडी बघितली. सात भांडी दुसऱ्यांच्या नावाची निघाली. देशपांड्यांची वाटी, वरच्या मजल्यावरच्या काकूंचा डबा, एक तर कुणा पुष्पाची परात आहे, ही पुष्पा कोण तेही माहीत नाही! सगळ्यांच्याच घरात असं असणार ना?” माझ्या घरी चार निघाली. त्यातून तिला एक कल्पना सुचली. हळदीकुंकवाच्या दिवसांत दुकानावर फलक लावला: तुमच्याकडे राहिलेली दुसऱ्यांची भांडी आणा, आम्ही टांगतो, ज्याची त्याने ओळखून न्यावी.

पहिल्या वर्षी लोक लाजत आले. पिशवीत लपवून आणायचे, जणू चोरीचा माल. दुकानाच्या छपरापासून समोरच्या झाडापर्यंत आम्ही दोऱ्या बांधल्या आणि पातेली, डबे, ताटल्या टांगल्या. प्रत्येकाला मी हाताने लिहिलेली चिठ्ठी: भांडं कुणी आणलं, कुणाचं असावं, आणि त्यातून काय आलं होतं. ‘यातून फणसाची भाजी आली होती.’ ‘यातून मुलगा पास झाल्याचे पेढे.’ शिवाय एक अट होती, तीही माझ्याच अक्षरात सगळीकडे लावलेली: भांडं रिकामं परत करायचं नाही. आपल्यात करत नाहीत ते. काही नसलं तर साखरेची चिमूट. आठवड्याभरात गल्लीत हीऽऽ गर्दी. बायका मान वर करून नावं वाचतायत, “अय्या, हा आमचा!” म्हणून ओरडतायत, पंधरा वर्षं न बोललेल्या शेजारणी एका झाकणावरून हसतायत. एका आजोबांना त्यांच्या गेलेल्या बायकोची वाटी सापडली. ते बराच वेळ खाली उभे राहिले आणि म्हणाले, “काढू नका. इथे बरी दिसते.” आणि हे सगळे लोक आलेच आहोत तर म्हणून एखादा डबा, एखादी किसणी घेऊन जात होते. दुकान तरलं.

मग दर वर्षी तेच. कधी दारात चमच्यांचा पडदा, कधी मुलांसाठी उलट्या टोपांचा ताशा. मी तिला दर वर्षी चिडवायचे, “सगळ्या मुलुंडची भांडी सापडली, माझ्या आईचं पातेलं तेवढं सापडेना.” ती तोंड फिरवून शिडी हलवायची. खरं सांगायचं तर मी दमत होते. साठी उलटली होती, मान धरायची, चिठ्ठ्या लिहून बोटं आखडायची. पण सांगितलं नाही, कारण लोक चिठ्ठ्या वाचून हसायचे ते मला आवडायचं. कौतुकाची चटक लागली होती मला.

या वर्षी एका मॉलमधून तिला बोलावणं आलं. तुमचं ते भांड्यांचं आमच्याकडे करा, मधल्या चौकात, दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत लावू. शैला हरखली. मी दोन आठवडे बसून नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. उद्घाटनाला गेलो तर भांडी छताला टांगलेली होती, पॉलिश करून, आणि नावांची बाजू आत वळवलेली. बाहेरून कसं एकसारखं चकचकीत दिसावं म्हणून. कुणाला कुणाचं भांडं ओळखू येईना. माझ्या चिठ्ठ्या खोक्यातच होत्या आणि त्यांच्याऐवजी छापील इंग्रजी पाट्या लावल्या होत्या. मी शैलाकडे बघितलं. “जाऊ दे ना यार,” ती म्हणाली, “लोक फोटो काढतायत बघ.” मी तिथेच, सगळ्यांदेखत म्हटलं, “म्हणजे शेवटी जाहिरातच केलीस.” तिचा चेहरा उतरला. पण तीही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. “अगं, पहिल्या वर्षीपासून जाहिरातच होती ती! दुकान चालावं म्हणूनच केलं. तुला काय वाटलं, मी समाजसेवा करत होते?” ती खरं बोलत होती, आणि तेच मला लागलं. इतकी वर्षं मी ते माझं प्रदर्शन समजत होते. मी खोकं उचललं आणि घरी आले.

चार-पाच दिवसांनी ती आली. गुडघे दुखत असताना माझे तीन मजले चढून. हातात तिचा रोजचा डबा, ‘सौ. शैला वि. परब’ असं तिच्याच वाकड्यातिकड्या अक्षरात नाव घातलेला, आणि आत नारळाच्या वड्या. लाडात आली की ती मालवणीवर यायची. दारातच म्हणाली, “रागावलंस काय गो?” मी तिला आत ये म्हटलं नाही. डबा घेतला, आत जाऊन वड्या ताटलीत काढल्या, डबा धुतला, फडक्याने कोरडा केला आणि दारात येऊन तिच्या हातात दिला. रिकामा. मला नीट कळत होतं मी काय करतेय ते. तिने झाकण उघडून आत बघितलं. “बरं,” म्हणाली आणि एकेक पायरी उतरून गेली. वाटलं होतं, आठ दिवस जाऊ देऊ, मग जाईन. मग आठाचे पंधरा झाले, मग महिना... फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. आज त्या सगळ्या दिवसांची मला लाज वाटते.

ती गेल्यावर त्या घरात चूल पेटायची नव्हती, तेव्हा शेजारपाजारच्यांनी रोज जेवण पोचवलं. कुणी पिठलं-भात, कुणी मऊ खिचडी. आणि बरेच जण शैलाच्याच भांड्यांतून आणत होते, त्यांच्याकडे कधीची राहिलेली. माझ्या घरी तिचं एकही भांडं नव्हतं. होता तो शेवटचा डबा मी धुऊन दिला होता. मी वरणभात नेला तो हॉटेलच्या पार्सलच्या प्लास्टिकच्या डब्यातून. ओट्यावर ठेवताना मला वर बघवेना.

तेरावं झाल्यावर मुग्धाचा फोन आला. “मावशी, घरभर भांडी झालीयत. कुणाचं काय ते मला कळत नाही. तू येशील?” मी गेले. पोरीचा चेहरा ओढलेला होता. पवईचं ऑफिस, दुकानाचं काय करायचं तो प्रश्न, आणि त्यात हे. आम्ही फरशीवर बसलो आणि नावं वाचून ढीग लावले. मी सांगत होते, ही कुलकर्ण्यांची, हे तळमजल्यावरचं. ती लिहून घेत होती आणि प्रत्येकात मूठभर शेंगदाणे टाकत होती. रिकामं द्यायचं नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. दुपारी ती म्हणाली, “आता हे एक राहिलं,” आणि ओट्याच्या कोपऱ्यातून, नावाची बाजू भिंतीकडे करून ठेवलेलं एक पातेलं तिने माझ्यापुढे ठेवलं. आत कालचं दही होतं. काठावर ‘सौ. इंदू’.

“हे कुठे सापडलं?”

“सापडलं कुठे? इथेच तर असतं. आई रोजचं दही यातच लावायची. तू आलीस की कपाटात ठेवायची.” मुग्धाने हातातली यादी खाली ठेवली. “मी एकदा म्हटलं होतं तिला, हे का नाही गं टांगत दुकानात? तर म्हणाली, नको, टांगलं तर सुनंदा घेऊन जाईल.”

मग मात्र मला रडू आलं. इतक्या दिवसांचं सगळं. मुग्धा पाठीवरून हात फिरवत राहिली, माझ्याच मांडीवर खेळलेली पोर. थोड्या वेळाने उठून ती पातेल्यातलं दही दुसऱ्या भांड्यात काढायला लागली, मला ते परत द्यायला. मी तिचा हात धरला. म्हटलं, राहू दे, दही लावत जा यातच. मला दुसरं काहीतरी हवंय, देशील? आईचा तो रोजचा डबा.

डबा शेल्फवरच होता. तिने तो खाली काढला, उघडून बघितला आणि साखरेच्या बरणीकडे हात नेला. तो आता माझ्या ओट्यावर आहे, वाकड्यातिकड्या अक्षरांची बाजू बाहेर करून. साखर मी अजून काढलेली नाही. आणि डबा परत करायचा माझा विचार नाही.