आबांचा तरवड

"भरा, पन सांडू नका! पानी सांडाले नही शे!"

एका खांद्यावर लांब लोखंडी चावी, दुसरा हात वर केलेला, आणि तोंडात हे वाक्य. धुळ्याच्या आमच्या गल्लीत पाणी यायचं ते आबांच्या मागोमाग. नळखात्यात ते चावीवाले होते. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात चावी घालून फिरवायची, गल्लीला पाणी सोडायचं, सगळ्यांचं भरून झालं की बंद करायचं, एवढंच खरं तर काम. पण तेवढ्यावर गप्प बसतील ते आबा कसले! नळाशी उभे राहून प्रत्येकीच्या कळशीवर नजर. कळशी भरून जरा पाणी वाहिलं की हात वर. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या वाट्याला ते आलं आणि मनातल्या मनात मी त्यांना चांगलं सुनावलं. सासूबाई म्हणाल्या, "बोलू दे त्यांना. उन्हाळ्यात शेवटच्या घराला पाणी पोचल्याशिवाय हा माणूस जेवायला जात नाही." मग मी माझे शब्द मागे घेतले, अर्थात मनातल्या मनातच.

अशा माणसाच्या अंगणात जाई-मोगऱ्याचे ताटवे असतील असं तुम्हालाही वाटेल. पाणी सोडणारा घरचाच! पण आबांच्या अंगणात एक फूलझाड नव्हतं. होता तो मुरमाचा एक ढीग आणि त्यात लावलेला तरवड. हो, तरवडच. माळावर गुरंसुद्धा ज्याच्याकडे बघत नाहीत, चांभार ज्याची साल कातडं कमवायला नेतात, तो. गल्लीला हसायला तेवढं पुरलं. समोरचे किराणा दुकानवाले शेठजी रोज विचारायचे, "आबा, पुढच्या साली काय, बाभूळ लावणार?"

आबा हसायचे नाहीत आणि चिडायचेही नाहीत. "लावसू," म्हणायचे आणि आत जायचे.

या तरवडाचं कारण घरात बाजेवर होतं. आबांची बायको, आमची अक्का. ती दर नवरात्रात घट बसवी आणि घटावर रोज तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ चढवी. फुलं आणायला ती स्वतः भल्या सकाळी रेल्वेच्या रुळांपलीकडच्या माळावर जाई. एका पावसाळ्यात अक्का ओसरीवरून पडली आणि तिचा खुबा मोडला. तेव्हापासून चालणं बंद. त्या नवरात्रात मी फुलं आणून देते म्हटलं, तर म्हणाली, "तू तुना घटले आन. मनी सासूनी सांगेल शे, घटले आपला हातनं फूल लागस." आबांनी चौघांना बोलावून बाजेसकट तिला माळावर न्यायचं ठरवलं, तर ती केवढ्यांदा ओरडली! "चार जन उचलीसन नेतीन? मी काय मरेल शे का?"

त्या वर्षी तिचा घट माळेवाचून बसला. नऊही दिवस अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी प्रसाद घेऊन गेले तेव्हा तिने तो घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हा आबांनी मनावर घेतलं. अक्का माळावर जात नाही, तर तरवडाने दाराशी यावं. बाजेवर बसल्या बसल्या तिचा हात फुलाला पोचला पाहिजे.

दिसायला सोपं, पण तरवड काही ऐकेना. माळावरून रोप उपटून आणलं की त्याचं सोटमूळ तुटायचं आणि रोप मान टाकायचं. असं दोनदा झालं. मग त्यांनी शेंगा आणल्या, बी सहाणेवर घासून त्याची टणक पाठ खरवडली आणि पहिल्या पावसावर पेरलं. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तीन गाढवांवरून मुरूम आणून ढीग केला. रोप जमिनीत बसलं तसं पाणी बंद. कुणाच्या हातात तांब्या दिसला की आबा ओसरीवरून ओरडायचे, "त्याले पानी दखाडू नका!" जो माणूस गावाला पाणी पाजतो तो घरच्या झाडाला कोरडं ठेवतो, ही गंमत गल्लीला फार दिवस पुरली.

दुसऱ्या वर्षी झाड अक्काच्या बाजेएवढं उंच झालं. तिची बाज आता दारातच असायची. ती फांद्या मोजायची, पानं चाचपायची. येत्या नवरात्रात फुलं येणार असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. आम्हालाही आता हसू येईनासं झालं होतं. आम्हीही वाट बघू लागलो होतो.

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. अक्काचा खुबा फार दुखायला लागला, म्हणून आबा तिला भडगावच्या हाडवैद्याकडे घेऊन गेले. भडगाव तिचं माहेर. नवरात्र तोंडावर येईपर्यंत दोघं तिकडेच राहिली.

इकडे नळाला पाणी कमी, ऊन चैत्रातलं, आणि गल्लीला आबांच्या झाडाची काळजी. आबांचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं, पण ते चांगल्या दिवसांतलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. अशा उन्हात झाडाला पाणी नाही म्हणजे काय? कुणी पिण्याच्या पाण्यातला तांब्या ओतला, कुणी तांदूळ धुतलेलं पाणी. शेठजींनी तर नोकर लावून मुरूम बाजूला काढला, शेतातली काळी माती घातली, वर शेणखत, आणि भोवती छान आळं केलं. पानं पिवळी पडली तेव्हा पाणी कमी पडतंय असं वाटून आणखी घातलं. आबा-अक्का परत आली तेव्हा अंगणात काळा वाळका खराटा उभा होता.

आबा खाली बसले. आळ्यातली माती मुठीत घेऊन दाबली, तर बोटांतून चिखल आला. शेठजी पुढे झाले.

"आबा, माझ्या घरी प्यायला कमी होतं, त्यातलं घातलं हो. तुम्ही आम्हाला पाणी देता. तुमचं झाड तहानेलं कसं ठेवणार?"

मला वाटलं, आता आबांचा हात वर जाणार. गेला नाही. ते मातीकडेच बघत राहिले. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा असा पडलेला मी तोवर पाहिला नव्हता, आणि मला फार वाईट वाटलं.

बोलली ती अक्का. बाजेवरून, खणखणीत आवाजात, जमलेल्या सगळ्यांना.

"बठ्ठास्नी मिळीसन मारं ना? आते बठ्ठा मिळीसन माले उचला!"

घटस्थापनेच्या सकाळी शेठजींच्या दुकानातली हातांची खुर्ची आली. तिला बांबू बांधले. अक्का तीत बसली, डोक्यावर पदर घेऊन, आणि आळीपाळीने आम्ही बायकांनी तिला उचललं. पुरुषांना तिने हात लावू दिला नाही. त्या कोरड्या वर्षातही माळ पिवळा झाला होता. आबा फांदी वाकवून धरत होते आणि अक्का तोडत होती. आमच्या हातांना फोड आले, पण नऊ दिवस तिने आम्हाला सोडलं नाही. शेवटच्या दिवशी वाळक्या शेंगाही ओटीत घेऊन आली. त्यातलं बी आबांनी दसऱ्याला पेरलं, पुन्हा मुरूम आणून. या खेपेला पहारा शेठजींचा. तांब्या घेऊन कुणी त्या बाजूने नुसतं गेलं तरी ते गादीवरून उठायचे.

अक्का वैशाखात गेली. ताप आला आणि चार दिवसांत गेली.

झाड मात्र वाढलं. नवरात्राच्या आदल्या दिवशी आबा आमच्या दाराशी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. चावी भिंतीला टेकवली.

"सूनबाई, तिनी माळ यंदा तुमना घटवर चढाडा."

मी हो म्हटलं. तरी ते जाईनात.

"मना हातनं फूल चाली का?"

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांनीच उत्तर दिलं, "चालेल, आबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कळश्या घेऊन आम्ही सगळ्या नळाशी उभ्या होतो. आबा अंगणात तरवडापुढे उभे होते. फुलं थोडीच होती, पण टपोरी. त्यांचा हात फुलापर्यंत जायचा आणि मागे यायचा. पाण्याची वेळ टळून गेली. कुणीही त्यांना हाक मारली नाही.