बोलिंगला वाहिलेले मासिक

नाशिकमध्ये बसून बोलिंगवर मराठी मासिक काढण्याची बुद्धी होईल असा माणूस शंभर वर्षांत एखादाच जन्माला येत असेल, आणि तो माझाच साडू निघावा हे माझ्या पत्रिकेत आधीपासूनच लिहिलेले असणार. साडू हे नाते माणूस निवडत नाही. आपण बायको पसंत करतो, आणि साडीबरोबर ब्लाऊजपीस यावा तसा तिच्या बहिणीचा नवरा सोबत येतो. माझ्या वाट्याला आलेला नग अस्सल होता, एवढे मात्र कबूल केले पाहिजे. आणि बोलिंग म्हणजे क्रिकेटमधले नव्हे. मॉलच्या वरच्या मजल्यावर गुळगुळीत लाकडी पट्टीवरून जड गोळा घरंगळत सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या दहा बाटल्या पाडायच्या, ते. हा खुलासा मी हल्ली भेटेल त्याला करत असतो, म्हणून इथेही करून टाकला.

साडू सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. बेअरिंगचा नग हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचे, यात त्यांचा जन्म गेला. साहजिकच ही सवय फाटकाबाहेरही सुटली नाही. माझ्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा कप कोणत्या प्रतीचा आहे हे बघायला त्यांनी तो उलटा केला. त्यात अजून चहा होता. मुलीसाठी आलेल्या स्थळाला त्यांनी खोलीच्या मधोमध उभे करून चारही बाजूंनी पाहिले आणि मोठ्याने 'पास' म्हणाले. तोच पोरगा आज त्यांचा जावई आहे आणि त्याच्याविषयी अजून कसलीही तक्रार आलेली नाही. पण निवृत्त झाले आणि त्यांना तपासायला काही उरले नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, विचारले तर 'बरंय' म्हणायचे, आणि जेवणातले मीठ कमी असले तरी मुकाट्याने जेवायचे. हे शेवटचे लक्षण बघून त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या ताई, माझ्या बायकोला फोन करून रडल्या होत्या.

अशात नातीचा वाढदिवस मॉलमध्ये झाला. तिच्या हट्टाखातर साडूंनी एक गोळा सोडला आणि दहाच्या दहा बाटल्या आडव्या झाल्या. असे योगायोग होतात. आंधळ्याच्याही हाती कधी लाडू लागतो. पण साडूंनी त्या बाटल्यांकडे पाहिले, मग आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिले, आणि बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या तोंडून 'पास' हा शब्द आला. ताईंनी तिथेच, केकचा तुकडा हातात धरून, डोळे पुसले.

त्यानंतर माणूस हाताबाहेर गेला. भाजीवाल्याकडे कोबी निवडताना बोटे रुतवून वजन तोलायचे. नामपूरच्या एका लग्नात व्याह्यांच्या हाती नारळ द्यायचा, तर एक पाऊल पुढे टाकून, गुडघा वाकवून, हात मागून झोकात आणून असा काही दिला की व्याही दोन पावले मागे सरले. गवंड्याकडची पाणसळ पिशवीत घालून ते मॉलमध्ये गेले आणि तिथली एक पट्टी डावीकडे उतरती आहे हे त्यांनी व्यवस्थापकाला जमिनीवर आडवे पडून सिद्ध करून दाखवले. तेव्हापासून व्यवस्थापक तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकांना परस्पर साडूंकडे पाठवू लागला.

मासिकाची कल्पना निघाली ती मिसळ खाताना. "भाऊसाहेब," ते रस्सा ओतून घेत मला म्हणाले, "द्राक्षाचं मासिक आहे, कांद्याचं आहे, शेळीपालनाचंसुद्धा आहे. बोलिंगचं नाही." मी म्हटले, बोलिंग करणारी माणसे आहेत तरी किती? त्यावर ते म्हणाले की आहेत, पण त्यांना एकमेकांचा पत्ता नाही, म्हणून तर मासिक पाहिजे.  मी सरकारी खात्यात आयुष्यभर टिपण्या लिहिल्या असल्याने माझा साहित्याशी संबंध आहे असा त्यांचा समज होता. मी पाव मोडत असतानाच कार्यकारी संपादक झालो.

मासिकाचे नाव 'दहाही आडव्या'. खाली बारीक अक्षरात 'बोलिंगला वाहिलेले मराठीतील एकमेव मासिक'. पहिल्या अंकात 'गोळ्याची निगा' आणि 'गुडघा आणि आपण' असे दोन लेख होते, खेळून आल्यावर खायच्या थालीपिठांची ताईंकडून दमदाटीने मिळवलेली कृती होती, आणि बोलिंगपटूंचे राशिभविष्य होते. वृश्चिकेच्या लोकांना त्या महिन्यात डावी कड सांभाळायला सांगितले होते. पण अंकाचा प्राण म्हणजे 'तपासणी अहवाल' हे सदर. मॉलमध्ये नेहमी येणाऱ्या खेळाडूंविषयी साडूंनी लपून बसून केलेली ती निरीक्षणे होती. देवळ्याचे एक कांदा व्यापारी आणि त्यांची पत्नी दर मंगळवारी इथे शिकणाऱ्या मुलीसाठी घरचा डबा घेऊन यायचे, आणि ती कॉलेजातून सुटेपर्यंत बोलिंग खेळायचे. त्या व्यापाऱ्यांविषयी साडूंनी लिहिले होते: 'पकड उत्तम. चाल उत्तम. मात्र गोळा सोडताना मागे वळून पत्नीकडे पाहतात, त्यामुळे गोळा डावीकडे जातो. दोष दुरुस्त होण्याजोगा.' मी म्हटले, हे छापू नका, लोक घरी येऊन मारतील. साडू म्हणाले, "कोणी दोष दाखवला नाही ना भाऊसाहेब, तर माणसाला वाटतं आपल्याकडे कोणाचं लक्षच नाही." मी ते सदर तसेच ठेवले.

अंक छापून आला आणि नातेवाइकांनी तोंड भरून कौतुक केले. ताई मात्र मला बाजूला घेऊन म्हणाल्या की छापायला माझी ना नाही, पण लोक हसले तर हे पुन्हा गॅलरीत जाऊन बसतील. त्यात साडूंनी स्वतःच अट घातली. घरच्यांचे कौतुक हिशेबात धरायचे नाही. बाहेरच्या एका तरी माणसाने आपणहून दुसरा अंक मागितला, तर पुढे जायचे. नाहीतर मासिक रिजेक्ट.

मॉलच्या काउंटरवर अंकांचा गठ्ठा ठेवला होता. लोक तो उचलायचे, वारा घ्यायचे आणि परत ठेवायचे. एका वाढदिवसात त्यावर केक कापला गेला. तेव्हा आम्ही घरच्यांनी, एकमेकांना न सांगता, उपाय योजले. मी माझ्या ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याला अंक मागायला पाठवले; त्याने सगळे पाठ केलेले नीट म्हटले आणि जाता जाता फिरकी गोलंदाजीवरही काही येऊ द्या म्हणाला. ताईंच्या भिशीतल्या एक बाई आल्या आणि थालीपिठाविषयीच बोलत राहिल्या. जावयाने आवाज बदलून पुण्याहून फोन केला, मासिकाची स्तुती केली, आणि सवयीने "बरं बाबा, ठेवतो" म्हणाला. तपासणी खात्यात हयात घालवलेल्या माणसापुढे असला माल टिकतो थोडाच? "घरचाच आहे," साडू म्हणायचे, "रिजेक्ट." पण दर खेपेला त्यांचा आवाज थोडा खाली येत होता. एका संध्याकाळी मी गेलो तर खुर्ची पुन्हा गॅलरीत होती. मला फार वाईट वाटले.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी मी तिथेच बसलो असताना बेल वाजली. दारात एक बाई उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात गुंडाळी केलेला आमचा अंक. त्यांच्या मागे जिन्यात एक गृहस्थ डब्याची पिशवी धरून भिंतीला चिकटले होते. देवळ्याचे जोडपे मी ओळखले, आणि अंकावर साडूंनी घरचा पत्ता छापला होता हेही मला त्याच क्षणी आठवले. मी हळूच दाराआड सरकलो.

"हे पुस्तक कोण काढतं?" बाईंनी विचारले.

साडू उठून उभे राहिले आणि मी काढतो म्हणाले.

"यांचं लिवलंय तुम्ही. हे माझ्याकडं बघत्यात ते बी लिवलंय. गावात समद्यांना दाखवत फिरत्यात. मंग मी काय तिथं नुसती बसाया येते का? मी बी टाकते. माझं काय चुकतं ते कोण लिवणार?"

साडूंनी आधी माझ्याकडे पाहिले, मग ताईंकडे. आम्ही दोघांनीही नकारार्थी माना हलवल्या. तेव्हा ते बाईंना म्हणाले, "खरं सांगा, तुम्हाला कोणी पाठवलं?"

"मला पाठवणारं कोण हाय?" बाई नवऱ्याकडे एक नजर टाकून म्हणाल्या. "पुढचं कधी निघतंय ते सांगा. त्यात माझं पायजे."

"लिवा दादा," जिन्यातून गृहस्थ अजिजीने म्हणाले. "घरी लय ऐकतोय मी."

साडूंनी चष्मा काढला. तो हातात धरत म्हणाले, "तुम्ही गोळा फार लवकर सोडता. मनगट चांगलं आहे, पण धीर नाही. मी पाहिलंय. पानावर जागा नव्हती, म्हणून राहिलं."

"मंग लिवा तसं," बाई म्हणाल्या आणि सोफ्यावर टेकल्या. ताईंनी न विचारता चहा टाकला.

दुसरा अंक निघाला, त्यामागून तिसराही. वाचक अजून बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, पण त्यांतले बहुतेक आमच्या नात्यातले नाहीत. यंदा थंडीत मात्र साडूंच्या गुडघ्याने दगा दिला आणि डॉक्टरांनी गोळा उचलायला कायमची मनाई केली. मला धास्ती वाटली होती. साडूंनी मॉलच्या व्यवस्थापकाकडून पट्ट्यांच्या मागे एक खुर्ची मागून घेतली आणि तिथून अहवाल लिहायला लागले. खेळणाऱ्यांकडे बघता बघता कधी कधी त्यांचा उजवा हात खुर्चीच्या कडेला आपोआप झोका घेतो. ते मला बघवत नाही, आणि मी चहा आणायच्या निमित्ताने उठतो.

गेल्या मंगळवारी मी त्यांच्याबरोबर निघालो तर रिक्षा द्वारकेच्या चौकात अडकून पडली. साडू सारखे बाहेर डोकावत होते. आता खेळ उरकला असेल, बाईंनी गोळा कधी सोडला हे कळणार नाही, या वेळचा अहवाल कोराच राहणार, असे त्यांचे चालले होते. जिन्याशी पोचल्यावर ते लंगडतच माझ्या पुढे गेले. वर दिवे लागलेले होते, पण गोळ्यांचा आवाज येत नव्हता. सगळे संपले असे समजून साडू दारातच थबकले.

आत देवळ्याचे दोघे आणि आणखी काही मंडळी खेळाचे बूट चढवून बाकांवर बसली होती. कोणी एकही गोळा उचलला नव्हता. व्यवस्थापक म्हणाला, काका आल्याशिवाय मंगळवारचे लोक सुरूच करत नाहीत.

 साडू उशीर कसा झाला ते सांगायला लागले आणि मध्येच थांबले.

"बसा दादा, दम घ्या," बाई त्यांची खुर्ची पुढे सरकवत म्हणाल्या. "आमाला घाई नाय."