तो काय म्हणाला ते सांगताना

"ह्यो तर आपला लॅबवाला सायेबच की," मागच्या सतरंजीवरून कुणीतरी हळूच म्हणालं, आणि दोन रांगा खुसखुसल्या.

मी टीव्हीशेजारी स्टुलावर बसले होते, आवाजाच्या बटणावर हात ठेवून. समोर पांढऱ्या डगल्यातला, जाड चष्म्याचा शास्त्रज्ञ उकळत्या चंबूत वाकून बघत होता. जुना, काळापांढरा, इंग्रजी भयपट.

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत गणपतीतल्या रविवारी दुपारी क्लबच्या खिडक्यांना घोंगड्या लावून व्हिडिओ दाखवायची पद्धत होती. सिनेमा इंग्रजी असला की भाषा येणाऱ्यानं आवाज बारीक करून प्रत्येक प्रसंग मराठीत सांगायचा. मी बारामतीच्या इंग्रजी शाळेत शिकून नुकतीच कॉलेजात गेलेली, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. चार माणसांत माझा आवाज फुटत नसे. दुसऱ्याचं वाक्य सांगताना मात्र तेवढं अवघडल्यासारखं होत नसे.

पप्पा कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. आठ दिवसांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत, तिथं ॲसिडची बरणी फुटली आणि एका कामगाराच्या डोळ्यांत उडालं. तो बारामतीच्या दवाखान्यात होता, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. सायेब पळालं, एवढंच त्याला आठवत होतं. बाहेर पुढच्या अंगाला झाडाखाली बसलेल्यांनीही पप्पांना पळतानाच पाहिलं होतं. तेवढंच कॉलनीभर झालं. सोमवारी चौकशी होती आणि पप्पा स्वतःसाठी एक शब्द बोलायला तयार नव्हते. आईनं फारच धरलं तेव्हा म्हणाले, बरणी उतरव असं मीच सांगितलं होतं ना. मग ताटावरून उठले.

त्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. झालं ते सगळं मी लॅबच्या मागच्या दारातून पाहिलं होतं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, बापाची बाजू लेक घेणारच, कोण ऐकतंय. मी लगेच गप्प बसले. गप्प बसायला मला कारण लागतंच किती.

घरी थांबलो तर तोंड लपवलं म्हणतील, म्हणून आईनं पप्पांना सिनेमाला आणलं होतं. दाराजवळच्या खुर्चीवर ते मांडीवर हात ठेवून बसले होते.

मी सिनेमा मवाळ करायला लागले. शास्त्रज्ञ आपल्या नोकराला जनावर म्हणाला. मी सांगितलं, जपून काम कर म्हणतोय.

"पोरी, थोबाड बघ की त्येचं," एक म्हातारी म्हणाली. "जपून म्हननाऱ्याचं हाय व्हय ते?"

सगळे हसले. पुढं काय घडणार ते मला माहीत नव्हतं आणि टीव्ही बंद करायचं धाडस नव्हतं. हा माणूस जे जे करील ते पप्पांना चिकटणार होतं, आणि ते माझ्या तोंडून.

मग यंत्रानं पेट घेतला. नोकर आत अडकला. शास्त्रज्ञ पळत बाहेर आला, त्यानं दाराला कडी घातली आणि कोटावरची राख झटकत काहीतरी म्हणाला. आता कुणी हसलं नाही. माना दाराकडं वळल्या. पप्पांनी खाली बघितलं.

पहिल्या रांगेत त्या कामगाराची बायको होती. दवाखान्यातून सकाळच्या एसटीनं आलेली. तेवढंच मन रमेल, म्हणून शेजारणींनी तिला ओढून आणलं होतं.

"काय म्हनला त्यो, ताई?" तिनं विचारलं.

मी आवाज पूर्ण बंद केला. तिच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून तिच्या मांडीवरच्या पिशवीकडं बघत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, सांग की. पिशवीचा बंद तिनं बोटाला घट्ट गुंडाळला होता.

"नोकर काय पुष्कळ मिळतात, असं म्हणाला," मी म्हणाले. "आमचे पप्पा पळाले ते बागेतली पाण्याची नळी आणायला, वहिनी. लॅबच्या नळाला पाणी नव्हतं. नळी मागच्या दारानं ओढत आणून त्यांनी तुमच्या मालकांचं डोकं मांडीवर घेतलं आणि गाडी येईपर्यंत डोळ्यांवर पाणी धरलं. मी दारात उभी होते. आठ दिवस मी बोलले नाही."