सहा पोलांचं गाणं

शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या बोळात निसार शिकलगारचा गाळा होता, तिथं दिवसभर लोखंड बोलायचं. एकीकडे लेथ, दुसरीकडे ओतकामाची भट्टी, समोर पत्र्याचं काम. माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची आणि घरी गेल्यावरही त्यांचा आवाज खाली यायचा नाही. निसारचा धंदा तेवढा गप्प. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे यायच्या. जळकं वाइंडिंग कापून काढायचं, नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा घालून खाचांत बसवायची. ह्या कामाला हात लागतात, डोळे लागतात, कान लागत नाहीत. निसारचे कान रिकामे राहिले होते.

त्या रिकाम्या कानांत गिटार शिरली. गोव्याकडून आलेल्या एका बॅंडवाल्यानं ती विकायला काढली होती. मानेला चीर गेलेली, दोन तारा गायब. तिचा आवाज थोडा म्हणून निसारनं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणि केसाएवढी बारीक तार घेऊन तिचा पिकअप, म्हणजे तारांचा सूर विजेत पकडणारी गुंडाळी, स्वतःच गुंडाळला. मोटार आणि गिटार यांत त्याला फार फरक वाटत नसे. दोन्हीकडे तार गुंडाळायची. एकीतून पाणी येतं, दुसरीतून सूर. गणपतीत, लग्नसराईत तो एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. तिथंच गडमुडशिंगीचा केरबा हलगीवाला त्याचा दोस्त झाला.

पंचाहत्तर सालच्या सुमाराला पिराजी त्याच्या गाळ्यात एक पेटी घेऊन आला. पिराजी पन्हाळ्याच्या बाजूच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. यंत्रं बसवायला युगोस्लाव्हियाचा एक इंजिनियर आला होता, तो परत जाताना आपला रिळावरचा टेपरेकॉर्डर तिथंच टाकून गेला. मोटार जळालेली.

"चालू झालं तर तुलाच ऱ्हाऊ दे," पिराजी म्हणाला. "हितं अडगळ नुसती."

निसारनं मोटार उघडली. आतलं वाइंडिंग जळून काळ्या गुळासारखं एकजीव झालेलं. मूळचे वेढे किती, गुंडाळ्या कशा बसवलेल्या, काही मोजता येईना. तारेच्या गुंडाळ्यांचे चार पोल बसवले की मोटार पळते, सहा बसवले की सावकाश फिरते आणि थंड राहते. कोल्हापूरच्या विजेचा काय भरवसा, म्हणून त्यानं सहा बसवले. मशीन फिरलं. रीळ त्यावर चढवलेलंच होतं.

पेटीतून पुरुषांचे जड आवाज आले. चारपाच माणसं खांद्याला खांदा लावून, जमिनीकडे बघत गात असावीत असे. दोन आवाज एकमेकांच्या इतके जवळ की मधली फट घासून दुखावी. आणि ताल चालता चालता एका पायावर रेंगाळायचा. निसारनं बोटं मोजली. सात. तीन, दोन, दोन. अरे, हा तर रूपक ताल! पण आपला रूपक झुलतो, हा लंगडत होता. मिरवणुकीत मागं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा.

ही माणसं कुठली? कशासाठी गातायत? हा प्रश्न त्या दिवशी त्याच्या डोक्यात जो बसला तो उठला नाही.

सोमवारी उद्यमनगर बंद. त्या दिवशी सदर बाजारातल्या घरी तो ती गाणी गिटारीवर बसवायचा आणि कॅसेटवर भरायचा. खिडकीला वाकळ टांगायची, कोंबड्या डालग्याखाली झाकायच्या, कुलसुमला फोडणी देऊ द्यायची नाही.

"कोण मेलंय म्हणून दर सोमवारी रडायचं?" कुलसुम विचारायची. तिचंही वाक्य कॅसेटवर चढायचं. निसार ते पुसायचा नाही.

सुरुवातीला तो घसा साफ करून बोलायचा, "हे गाणं कुठलं, कशाचं, कुणाला ठाऊक असंल तर निसार वाइंडर, उद्यमनगर, कोल्हापूर, इथं कळवावं." मग गिटार, आणि तिच्यामागून रिळावरचे ते मूळ आवाज. कॅसेटी तो ज्याला त्याला द्यायचा. मोटार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला, ट्रक ड्रायव्हरला, मलकापूरच्या चहाच्या हॉटेलवाल्याला. जबाबही यायचे. एक ड्रायव्हर म्हणाला, पठाणांचं आहे, मी ऐकलंय. एका मास्तरांनी अरबांवर ठाम बोट ठेवलं. मलकापूरचा हॉटेलवाला म्हणाला, "कुठलं बी असू दे, गिऱ्हाईक दुसरा चहा मागतंय."

केरबाची आई विठाबाई लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजी विकायची. पडली आणि कंबरेतून बसली ती उठलीच नाही. घरात हलगीचा आवाज तिला सोसेना, आणि आवाजाशिवायही राहवेना. केरबानं निसारची कॅसेट नेली. "ते लंगडं लाव रं," म्हातारी म्हणायची आणि छताकडे बघत ऐकत राहायची. ते चालू असतानाच एका दुपारी ती गेली.

माती झाल्यावर केरबानं विचारलं, "निसारभाई, ह्ये गाणं कशाचं हाय?"

"मयताचं," निसार म्हणाला. "त्या मुलखात माणूस गेलं की बाप्ये असं म्हणत्यात."

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या कानांनी ते ठरवलं होतं आणि तोंडानं उच्चारून टाकलं. केरबानं मान हलवली. तेव्हापासून दरवर्षी आईच्या दिवशी तो कॅसेट लावायचा आणि हलगी खुंटीवरून काढायचा नाही. जिनं त्याला कधी रडायचं शिकवलं नाही तिच्यासाठी दूरच्या देशातली माणसं रडतायत, एवढा त्याला आधार होता. निसारला मात्र दरवर्षी तो दिवस जवळ आला की आपलं ते उत्तर आठवायचं. पूर्वी प्रश्न नुसता कुतूहलाचा होता. आता त्यावर केरबाची आई बसली होती.

असेच एका वर्षी केरबा गाळ्यात आला. जुनी कॅसेट घासून गेली होती, नवी भरून हवी होती. निसारनं ती भरून टेबलावर ठेवली, तेवढ्यात बोळात जीप थांबली. पिराजी उतरला, आणि त्याच्यामागून एक गोरा, रुंद, मिशाळ माणूस.

"निसार, ह्ये ब्लागोयसाहेब. त्याच मुलखातलं. यंत्राच्या दुरुस्तीला आल्यात," पिराजी म्हणाला. "रत्नागिरीस्नं येताना मलकापुरात चहाला थांबलो, तर तुझी कॅसेट लावलेली. ह्यो मर्द चहा तसाच टाकून उठला की. तुझा पत्ता ऐकून मीच म्हटलं, चला."

बोळातले कामगार दारात गोळा झाले. निसारनं पालथ्या हातानं स्टूल पुसलं आणि रीळ सुरू केलं. जड आवाज बाहेर आले. इतक्या वर्षांनी त्याच्या प्रश्नाचा जबाब समोर स्टुलावर बसला होता आणि निसारला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

ब्लागोयनं आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग तो उठला, फिरणाऱ्या रिळापाशी वाकला, आणि बोटानं हवेत भराभर गोल काढू लागला. पिराजीशी मोडक्या इंग्रजीत काहीतरी बोलला.

"सावकाश फिरतंय म्हंतोय," पिराजी म्हणाला. "आन..." तो थांबला. "आन ह्या बायका हायत म्हंतोय. बाप्ये न्हाईत."

"बायका?"

ब्लागोयनं गळ्याला हात लावला आणि पातळ, उंच आवाजात तेच गाणं म्हटलं. तीच चाल. पण ती आता लंगडत नव्हती. एका पायावर क्षणभर थांबून उडी घेत होती. त्यानं खिशातला रुमाल काढला, एका हातात उंच धरला आणि जळक्या मोटारींच्या मधून, ग्रीसच्या डागांवरून, तीन-दोन-दोन असा नाचत सुटला. दारातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. भट्टीवाला ओरडला, "पावणं, जरा जपून, मोटार चालू हाय!"

हसणं थांबल्यावर केरबा बोलला. "पिराजीराव, इचारा त्यास्नी. मयतात असं नाचत्यात का?"

पिराजीनं विचारलं. ब्लागोय बराच वेळ हातवारे करत सांगत राहिला.

"लग्नाचं हाय म्हंतोय. नवरीला न्यायला सासरची दारात आल्यात, घोडी उभी हायत, आन ही बया अजून आत येणीच घालत बसलीया."

पुन्हा हशा उठला. केरबा हसला नाही. भरलेली कॅसेट टेबलावर होती, ती त्यानं घेतली नाही. वाकून चपला पायात सरकवल्या आणि माणसांतून वाट काढत गेला. निसारनं हाक मारली, ती लेथच्या आवाजात गेली असावी. निदान निसारनं तसं मानलं.

संध्याकाळी त्यानं मोटार उघडली. सहा पोल. ह्याच हातांनी बसवलेले, तार कशी नीट, एक वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. चूक किती सुबक असू शकते हे तो बघत बसला. त्याच्या सहा पोलांनी बायकांचे बाप्ये झाले होते आणि वरातीचं मयत.

"आता काय?" कुलसुमनं विचारलं.

"केरबाला सांगाय पायजे."

"त्यो हुताच की तिथं."

"त्यानं ऐकलं. मी कुठं सांगितलं?"

कुलसुम ताटातला भात चिवडत म्हणाली, "मग नुसतं तोंड घिऊन जाऊ नकोस."

निसारनं सहा पोलांचं वाइंडिंग उपसून टाकलं असतं तर काम सोपं होतं. तार कापायला त्यानं पकड उचललीही. पण विठाबाई ह्याच फिरण्यावर गेली होती. ते कापायचं म्हणजे तिच्या उशाखालचं काहीतरी ओढून काढायचं. त्यानं मग आणखी बारीक तार आणली आणि त्याच खाचांत, जुन्या वाइंडिंगच्या अंगावर, चार पोलांचं दुसरं बसवलं. तार दोनदा तुटली. पाणबुडी मोटारींची दोन गिऱ्हाइकं शिव्या देऊन दुसरीकडे गेली. शेवटी पेटीच्या बाहेर त्यानं एक बटण काढलं. डावीकडे वळवलं तर सहा, उजवीकडे चार.

विठाबाईच्या दिवशी तो पेटी सायकलच्या कॅरियरला बांधून गडमुडशिंगीला गेला. केरबा दारातच बसला होता.

"कशाला आलास? लगीन लावायला?"

निसारनं पेटी सोडली, उंबऱ्याच्या आत ठेवली.

"पाच वरसं," केरबा म्हणाला, "पाच वरसं मी आईच्या फोटूम्होरं वरात लावून बसलोय. भावकी हसंल मला. आन माझी आई काय रडकी हुती व्हय रं? तू तिला रडकी करून धाडलीस."

"मला ठाऊक न्हवतं केरबा. ठाऊक न्हाई असं म्हणाय पायजे हुतं. म्हणलो न्हाई."

"का न्हाई?"

"तू इचारलंस तवा तुझं तोंड असं हुतं, की काय तरी दिलंच पायजे वाटलं."

केरबानं मातीत काडीनं रेघ ओढली. मग तशीच दुसरी. आतून पोह्यांचा वास येत होता, शेजारी म्हशीच्या साखळीचा आवाज. शेवटी केरबाच म्हणाला, "लाव. बघू तरी कसं हाय."

बटण उजवीकडे. बायकांचे आवाज आले. उंच, धारदार, खुल्या रानात एकमेकींना हाक मारावी तसे. दोन आवाजांतली ती दुखरी फट आता चमकत होती. निसारनंही ते मशीनवर असं पहिल्यांदाच नीट ऐकलं, आणि त्याला वाटलं, आपण एका माणसाला वर्षानुवर्षं फक्त झोपेत बघितलं होतं.

"काय म्हंत्यात म्हणला त्यो गोरा? येणी घालत्या?"

"व्हय. म्होरं घोडी उभी."

केरबाचा चेहरा बदलला. "टेम्पोवाला हॉर्न मारून मारून बेजार व्हायचा," तो म्हणाला. "भाजीच्या पाट्या वर चढवलेल्या. सगळ्या बायका बसलेल्या. आन आमची आई आत येणी घालत. मी वरडायचो, अगं आई, बाजार उठंल की! तर म्हणायची, माझ्याबिगर कुठं उठतोय." तो हसला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला. डोळे पुसून तो म्हणाला, "आता त्ये दुसरं लाव. हळू."

निसारनं बटण डावीकडे वळवलं. बायका खाली उतरत उतरत पुरुष झाल्या, पाय लंगडू लागला. केरबानं ते शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्ये बी ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "ह्यावर ती गेलीया. काढू नकोस."

"न्हाई काढत."

केरबा उठला. खुंटीवरची हलगी घेतली, चुलीपुढं थोडं उसाचं पाचट पेटवून तिचं कातडं शेकलं, बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं, पुन्हा शेकलं. मग दारात येऊन बसला आणि स्वतःच बटण उजवीकडे वळवलं. त्याचा हात आयुष्यभर समेवर सरळ येणाऱ्या तालांचा. सात मात्रा त्याला सापडेनात. टिपरी एकदा आधी पडायची, एकदा मागं राहायची.

शेजारची बाळाबाई कुंपणापाशी आली. "केरबा, आज आईचा दीस न्हवं? आन हलगी?"

केरबानं वर बघितलं नाही. त्याचे ओठ हलत होते; तीन, दोन, दोन.

"थांब गं आत्ती," तो म्हणाला. "निसारभाई, परत लाव. पयल्यापासनं."